बाटलीतला कापूस

आमच्या प्रश्नावलीला आयुष्यात पहिल्यांदा नापास केलं ते सुंदराबाईंनी. चांगली चौदा पानांची प्रश्नावली होती. पुण्याहून आलेल्या आमच्या सरांनी तिच्यावर तीनदा लाल पेन फिरवलं होतं आणि मी तर तिच्या इतकी प्रेमात पडले होते, की घरी स्वयंपाक करतानाही त्यातले प्रश्न मनात घोळवायची. सुंदराबाईंनी ती पाऊण तासात निकालात काढली. शिक्षण सातवी, काम चुडाव्याजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या लेकरांची खिचडी शिजवणं.

मी तेव्हा परभणीतल्या एका संस्थेत आरोग्याच्या संशोधनाचं काम करत होते. एचआयव्हीसोबत जगणाऱ्या बायकांच्या गोळ्या मधेच का तुटतात, म्हणजे घेणं का थांबतं, हा आमचा विषय. ही गोळी रोज आणि जन्मभर घ्यायची असते. नेमानं घेतली तर माणूस धडधाकट राहतो, तुटली तर आजार पुन्हा डोकं वर काढतो. हा अभ्यास कसा करायचा ते ठरवतानाच अशा सहा बायकांना सोबत घ्यायचं, असं सरांनी ठरवलं होतं. खरं सांगायचं तर 'सोबत घ्यायचं' याचा माझ्या मनातला अर्थ तेव्हा एवढाच होता, की त्यांना बोलवायचं, चहा-पोहे द्यायचे, कागद वाचून दाखवायचे आणि 'चांगलं हाय' म्हणवून घ्यायचं.

त्या सहाजणींत सुंदराबाई सगळ्यात बुटक्या. पंचेचाळिशीच्या असाव्यात. काटक अंग, मनगटावर खिचडीच्या पातेल्यानं दिलेला जुना चटका, आणि खुर्चीत बसल्या तरी पदर कमरेला खोचलेलाच, आत्ता कोणी हाक मारली तर उठून कामाला लागता यावं म्हणून. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्याच्याविषयी विचारलं की त्या एवढंच म्हणायच्या, "मानूस वाईट नव्हता. लवकर गेला." यापुढे विचारायची कोणाची छाती नव्हती.

त्यांची एक सवय होती. एखादी गोष्ट पटली नाही तर त्या 'नाही' म्हणत नसत. पाणी मागायच्या. तांब्या उंच धरून, ओठाला न लावता, सगळं पाणी सावकाश पिऊन टाकायच्या. मग पदरानं तोंड पुसून म्हणायच्या, "एक इचारू का?" पुढे पुढे त्यांनी तांब्याकडे हात नेला की मी पेनाला टोपण लावायची. आता आमचं काहीतरी पडणार, हे ठरलेलं.

पहिल्या दिवशी मी वाचून दाखवत होते. सातव्या पानावर आले. "गेल्या तीस दिवसांत तुमच्या किती गोळ्या चुकल्या?"

सुंदराबाईंनी पाणी मागितलं. तांब्या रिकामा झाला.

"एक इचारू का, म्याडम? हे इचारनारं कोन हाय?"

"आमची मुलगी असेल. शिकलेली, प्रशिक्षण दिलेली."

"मंग मी सांगन, एकबी न्हाई चुकली."

"पण खरं सांगायचं ना, सुंदराबाई."

"कामून सांगू? चुकली म्हनलं की बोलनी खावी लागतेत. न्हाई म्हनलं की चहा भेटतो."

बाकीच्या पाचजणी पदरात तोंड घालून हसायला लागल्या. मला जरा राग आला. मी म्हणाले, आम्ही नुसत्या सांगण्यावर थोडेच जाणार आहोत, प्रत्येकीच्या बाटलीत उरलेल्या गोळ्या मोजणार आहोत. हे माझं ठेवणीतलं अस्त्र होतं. त्यावर सहाही बायका एकमेकींकडं पाहू लागल्या. शेवटी सुंदराबाईच बोलल्या, अगदी हळू, मला वाईट वाटू नये अशा बेतानं.

"तुमी मोजायच्या आदी आमी मोजतो ना, माय. घरून निघतानाच. जास्ती झालेल्या टाकून देतो. मी तर पूर्णेच्या पुलावरून टाकलेल्या हायेत. आता न्हाई टाकत. पर टाकलेल्या हायेत."

वहीत काय लिहावं ते मला कळेना. गोळ्या मोजून मोजून आम्ही या बायकांची भीती तेवढी मोजणार होतो, आणि तिला शास्त्र म्हणणार होतो. मला माझीच लाज वाटली. मी विचारलं, "मग काय विचारायचं, तुम्हीच सांगा."

त्यांनी बराच विचार केला. "चुकली का, ते नका इचारू. गोळी चुकते त्या दिवशी घरात काय चालू असतंय, ते इचारा."

बस्स, एवढंच. आम्ही लगेच त्या सहाजणींनाच हा प्रश्न विचारून पाहिला. एकीच्या घरी पाहुणे मुक्कामाला आले होते आणि गोळ्यांचा डबा पाहुण्यांच्या खोलीत अडकला होता. एकीच्या माहेरी लग्न होतं. एकीची जाऊ रोज कपाट आवरायची. तासाभरात माझी अर्धी वही भरली. आमच्या चौदा पानांतली नऊ पानं त्या आठवड्यात गेली आणि मला मुळीच दुःख झालं नाही.

त्याच दिवशी निघताना मला त्यांची बाटली दिसली. गोळ्या प्लास्टिकच्या पांढऱ्या बाटलीत मिळतात. पिशवीत टाकली आणि चार पावलं चाललं की ती खुळखुळ वाजते. एसटीत, रेल्वेत शेजारची बाई विचारते, काय वाजायलंय? म्हणून बायका नाना युक्त्या करतात. कोणी गोळ्या कागदात बांधते, कोणी साखरेच्या डब्यात ठेवते. सुंदराबाई बाटलीत कापूस भरायच्या. दुकानातला नव्हे. घराशेजारच्या रानातला, सरकी काढलेला, गच्च दाबून.

"आवाज आला की इज्जत गेली," त्या म्हणाल्या. "गावात कुनाला ठावं न्हाई. माज्या लेकीला तेवढं मालूम हाय, ती चारठान्याला दिलेली. उद्या कळलं तर लेकरं खातील का माज्या हातची खिचडी? मायबाप खाऊ देतील का?"

खाण्यातून हा आजार पसरत नाही, हे मी त्यांना सांगायला गेले. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी वाक्य अर्ध्यावर सोडलं. त्यांना ते माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. माहीत नव्हतं ते गावाला. नाव कागदावर येणार नाही, गावात संस्थेचं कोणी येणार नाही, या दोन अटींवर त्या आमच्यात आल्या होत्या. खिचडीचं काम हे त्यांचं नुसतं पोट नव्हतं. नवरा गेल्यावर ज्या गावानं त्यांना चुलीपासून उठवलं नाही, त्या गावातली ती त्यांची जागा होती.

आमचं अकलेचे तारे तोडणं मात्र थांबलं नव्हतं. बायकांच्या घरी जाऊन मुलाखती घ्यायच्या, जीप संस्थेची, दारावर संस्थेचं नाव, असा बेत होता. तो सुंदराबाईंनी एका तांब्यात बुडवला. जीप आली की अख्खं गाव मागं चालतं, कोणाच्या दारात थांबते ते बघायला. मग मी एक नामी शक्कल काढली. गावोगावी हळदीकुंकू ठेवायचं! बायका जमतील, कोणाला संशय येणार नाही, आणि त्यातच मुलाखती उरकायच्या. मी हे अशा ऐटीत सांगितलं, की सरांनीही मान डोलावली.

या वेळी सुंदराबाईंना पाणी मागायचंही भान राहिलं नाही. त्या हसायला लागल्या. हसता हसता खुर्चीवरून उठल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"आवं म्याडम! आमच्यातल्या निम्म्याच्या वर बाया रांडवल्या हायेत. त्यायला हळदीकुंकवाला कोन बोलवतंय? बोलवलंत तर गाव इचारंल, ह्या सगळ्या बिनकुंकवाच्या बाया एकाच घरी कामून चालल्यात?"

मी स्वतः दर संक्रांतीला हळदीकुंकू करणारी बाई. माझ्या दारात कोण येत नाही, हे तोवर माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. पुढच्या संक्रांतीपासून मी नुसतं तिळगूळ-वाटप करते, सगळ्यांना बोलावते. सासूबाई अजून कुरकुरतात. मुलाखती मात्र शेवटी सुंदराबाईंच्या सल्ल्यानं झाल्या: दवाखान्याच्या तारखेला बायका परभणीला येतातच, त्याच दिवशी, बाजूच्या खोलीत.

पण खरी लढाई झाली ती एका ओळीवरून. आमच्या आराखड्यात एक नियम होता, की ज्या बायका महिन्याहून जास्त काळ जिल्ह्याबाहेर जातात त्यांना अभ्यासातून वगळायचं. असा नियम बहुतेक अभ्यासांत असतो. जी हाती लागणार नाही तिच्या मागं कसं लागणार? आमच्या सहाजणींत पालमकडची रेखा होती, विशी-बाविशीची. ती आणि तिचा नवरा दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे ते उन्हाळ्याच्या तोंडाला परत यायचे. नियम ऐकल्यावर ती पिशवी आवरायला लागली. तिला वाटलं, आपल्याला जायला सांगितलं.

सुंदराबाईंनी तिला हाताला धरून खाली बसवलं आणि तांब्या मागितला. सर पुण्याचे. त्यांना अजून त्या तांब्याचा अर्थ कळत नव्हता. मी खिडकीबाहेर पाहू लागले.

"एक इचारू का, सर? गोळी कोनाची तुटते?"

"म्हणजे?"

"जी घरी हाय तिची एक-दोन दिस चुकते. जी तोडीला जाती तिची चार चार महिने तुटते. ह्या रेखाची दोन साल तुटली. तुमी तुटायचं कारन हुडकायलाव आन् जिची तुटते तिलाच काढून टाकायलाव. मंग राह्यलं काय मोजायला?"

सरांनी नमुना, पाठपुरावा, निकष असे बरेच शब्द वापरले. सुंदराबाईंनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "तुमचं बरोबर असंल. पर मंग कागदावर लिवा, की हा अभ्यास घरी बसनाऱ्या बायांचा हाय."

सरांचं मोठेपण असं, की दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ती ओळ स्वतःच्या हातानं खोडली. आता या बायकांचा माग कसा ठेवायचा, हा प्रश्न उरला. तोही बायकांनीच सोडवला. तोडीवर गेलेल्या बाईनं गोळी घेतली की सुंदराबाईंना एक मिस्कॉल द्यायचा. चुकली तर दोन. बोलायचं काही नाही, कोपीत, म्हणजे तोडीवरच्या झोपडीत, शेजारी कोणीही असलं तरी काही कळत नाही. सुंदराबाईंनी त्यासाठी भिंतीवरचं कॅलेंडर केलं. एका मिस्कॉलला टिंब, दोनला फुली. गावातल्या बायका विचारत, हे काय? त्या सांगत, "दुधाचा हिशेब हाय."

रेखाच्या नावाला त्या हंगामात टिंबंच टिंबं होती. फुल्या दोनच. ते कॅलेंडर गुंडाळून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पोरगी लय गुनाची निघाली." आणि जाहीर डोळे पुसले. मीही पुसले.

आता माझी चूक सांगते. अभ्यासाचे निष्कर्ष सांगायला आम्ही तालुक्याच्या गावी, पूर्णेला, एका सभागृहात बैठक ठेवली. तोडीला जाणाऱ्या बायकांना हंगामभराच्या गोळ्या एकदम मिळाव्यात, ही त्यातली मुख्य मागणी. बोलणार होते मी. सहाजणी मागच्या रांगेत, संस्थेच्या कामाच्या बायका म्हणून बसणार होत्या, नावाचा प्रश्नच नव्हता. आमंत्रणं मी पाठवली. आरोग्य कर्मचारी, सरपंच, आणि घाईघाईत एक जुनी यादी तशीच जोडून, आसपासच्या शाळांचे मुख्याध्यापकही.

बोलायला उभी राहिले आणि तिसऱ्या रांगेत सुंदराबाईंच्या शाळेचे गुरुजी दिसले. शाळेच्या एका फोटोत मी त्यांना पाहिलं होतं. मी मागं पाहिलं. सुंदराबाईंनीही गुरुजींना पाहिलं होतं. मी डोळ्यांनी दाराकडं खुणावलं. त्यांनी नाही अशी मान हलवली आणि त्या बसून राहिल्या.

माझं बोलणं संपल्यावर पुढच्या रांगेतले एक गृहस्थ उठले. म्हणाले, "म्याडम, तुमी उगं लाड करायलाव ह्या बायांचे. फुकट भेटतंय म्हनून गोळ्या फेकतेत. एकदम दिल्या तर एकदम फेकतील. जिम्मेदारी नावाची चीज न्हाई त्यायला."

मी उत्तर जुळवत होते. रेखा मान खाली घालून बसली होती. तेवढ्यात मागून आवाज आला, "जरा पानी द्या."

सभागृहात काचेचे पेले होते. सुंदराबाई उभ्या राहिल्या, पेला उंच धरला, ओठाला न लावता सगळं पाणी प्यायल्या. पदरानं तोंड पुसलं.

"एक इचारू का?" त्या गृहस्थांकडं सुंदराबाई पाहतच नव्हत्या. "गुर्जी, मी सुंदरा. तुमच्या शाळंतली. सात साल झाले, मी ही गोळी घ्यायलेय आन् रोज तुमच्या दीडशे लेकरायची खिचडी शिजवायलेय. एक दिस उशीर झाला का? एका लेकराचं पोट दुखलं का? मंग जिम्मेदारी कशाला म्हंतेत, ते मला सांगा."

गुरुजी चष्मा काढून पुसत राहिले. आणि मला एकच कळत होतं, माझ्या एका यादीपायी या बाईची चूल विझणार.

दुसऱ्या दिवशी मी सकाळीच त्यांच्या गावी गेले. जीप नव्हती, पॅसेंजरनं गेले आणि चुडाव्याहून पायी. शाळेच्या पटांगणात पंधरावीस आईबाप उभे होते. बातमी माझ्या आधी पोचली होती. सुंदराबाई खिचडीच्या शेडमध्ये होत्या. नेहमीच्या वेळेला आल्या होत्या, पदर खोचला होता, पातेल्याखाली जाळ होता. मला पाहून एवढंच म्हणाल्या, "तुमी कामून आलाव? उन्हाचं."

या शाळांमधून एक नियम असतो. लेकरांना वाढायच्या आधी शिक्षकांनी खिचडी चाखून बघायची आणि चव कशी आहे ते वहीत लिहून सही करायची. चवीची वही म्हणतात तिला. गुरुजी ती वही भरायचे, सहीही रोज करायचे, फक्त चाखायचे नाहीत. सुंदराबाई मला हसून सांगायच्या, "गुर्जी वासावरच पास करतेत."

मधली सुट्टी झाली. लेकरं ताटल्या घेऊन ओळीत बसली. एका आईनं पोराला हाताला धरून उठवलं, तिचं पाहून दुसरीनं. तेवढ्यात गुरुजी ऑफिसातून बाहेर आले. एका हातात चवीची वही, दुसऱ्या हातात ताट. शेडच्या तोंडाशी आले आणि ताट पुढं केलं.

"वाढा, सुंदराबाई."

त्यांनी एक डाव वाढला. गुरुजी म्हणाले, "चमचाभर न्हाई. जेवायला वाढा." मग ते लेकरांच्या ओळीत, जमिनीवर, मांडी घालून बसले आणि सगळ्यांसमोर ते ताट पुसून खाल्लं. पाणी प्यायले. वही मांडीवर घेऊन लिहिलं आणि आईबापांना मोठ्यानं वाचून दाखवलं, "मीठ थोडं कमी. बाकी उत्तम."

सुंदराबाई फणकारल्या. "सात साल मीठ एवढंच हाय! आज चाखलाव म्हनून कळलं."

आधी लेकरं हसली, मग गुरुजी, मग आईबापांतलेही काही. सगळे नाही. त्या दिवशी बरीच ताटं वाढून न घेताच उठली. नंतर गुरुजी रोज ओळीत बसून जेवू लागले, आरोग्याच्या ताई दोनदा येऊन समजावून गेल्या, आणि ताटं एकेक करून परत आली. आईनं सगळ्यात आधी उठवलेलं ते पोर मात्र अजून घरून डबा आणतं. सुंदराबाई त्याच्या डब्याशेजारी रोज डावभर खिचडी ठेवतात. म्हणतात, "खाईल कवातरी. मला कुटं जायाचंय."

माझी बदली झाली त्या आठवड्यात त्यांची दवाखान्याची तारीख होती. मी परभणी स्टेशनवर त्यांना सोडायला गेले. रेखा दिवाळीनंतर तोडीला निघणार होती, या वेळी मंजूर झालेल्या हंगामभराच्या गोळ्या सोबत घेऊन. त्याबद्दल बोलून झालं. मी माफी मागायला तोंड उघडलं, यादीबद्दलची, कितव्यांदा तरी. त्यांनी माझ्या हातातली पाण्याची बाटली काढून घेतली आणि उंच धरली.

"एक इचारू का? तुमी ती यादी नसती जोडली तर गुर्जीनं माजी खिचडी खाल्ली असती का?"

गाडी आली. त्या गर्दीत शिरल्या, बुटक्या असल्यानं लगेच दिसेनाशाही झाल्या. मग खिडकीत त्यांचं तोंड दिसलं. शेजारच्या बाईला त्यांनी सरकायला लावलं, पिशवी मांडीवर घेतली, आणि पिशवीतून खुळखुळ असा आवाज आला. शेजारच्या बाईनं मान वळवून काहीतरी विचारलं. गाडी हलली तेव्हा सुंदराबाई गोळ्यांची पांढरी बाटली बाहेर काढून तिला दाखवत होत्या.